पीडीएफ आहे का?

मराठी ई-पुस्तकाची सर्वमान्य किंमत शून्य रुपये आहे आणि ती ‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ या चलनात मोजली जाते. वाचनप्रेमींच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ पडू द्या. आधी अंगठे येतात, मग फुलं, मग ‘जरूर वाचणार’, आणि त्याच्या पाठोपाठ हा सवाल. विचारणारा पैशाने गांजलेला असतो म्हणावं, तर तसंही नाही. शनिवारी दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर गाडी लावून पापलेटची थाळी जो भाव न विचारता मागवतो, तोच रविवारी परतताना खेडच्या भरणे नाक्यावर चहा पिता पिता पीडीएफ मागतो. पापलेटची पीडीएफ निघत नाही, एवढंच पापलेटवाल्याचं नशीब.

मागणाऱ्याला संकोच नसतो, कारण त्याचा हिशेब पक्का झालेला असतो. छापील पुस्तक ३०० रुपये. ई-पुस्तकाला कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, गोदाम नाही, टेम्पो नाही. मग त्याचे १५०-२०० रुपये कशाचे? लुटायला बसलेत लेकाचे. आणि लुटारूंकडून फुकट घेतलं तर ती चोरी कशी?

असला हिशेब नागपुरात किंवा सोलापुरात बसून कोणी केला तर मी समजून घेईन. दापोलीत बसून करणाऱ्याला मात्र क्षमा नाही. इथे एप्रिल-मेमध्ये सगळा गाव हापूसच्या व्यवहारात बुडालेला असतो. ‘पेटी नको, पिशवीत द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बागायतदार पेटीचे आणि पेंढ्याचे पैसे सोडतो. ‘पेटी नाही, म्हणजे आंबा फुकट ना?’ असं विचारणारं गिऱ्हाईक अजून एकाही बागेत आलेलं नाही, आलं तर गडी त्याला झेल्याने झोडपतील. मोहोरावरचा तुडतुडा, फवारणी, राखण, अवकाळी, झाडावर चढणाऱ्याची मजुरी, सगळं आंब्यात आहे हे न सांगता कळतं. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण पेटीच चावून खातो आणि आंबा फेकून देतो.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. (मोबाइलचा कॅल्क्युलेटर चालेल, तो फुकट असतो.)

३०० रुपये छापील किंमत असलेलं, दोनशे-सव्वादोनशे पानांचं पुस्तक धरू. ढोबळ हिशेब असा. विक्रेता आणि वितरक यांचं कमिशन मिळून ४० टक्के धरलं तर १२० रुपये गेले. लेखकाचं मानधन १० टक्के, म्हणजे ३० रुपये. कागद, छपाई, बांधणी मिळून ७५ धरा. उरले ७५. त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कचेरीचं भाडं, गोदाम, न वसूल होणाऱ्या उधाऱ्या, आणि काही राहिलाच तर प्रकाशकाचा नफा. आकडे प्रत्येकाचे थोडे इकडे-तिकडे असतील, पण सांगाडा हाच. एकेकाळी हजार प्रतींची आवृत्ती ही साधी गोष्ट होती. आता पाचशेची काढतानाही प्रकाशक आधी नवस बोलतो.

या हिशेबातून कागद, छपाई, बांधणी उचलून बाहेर ठेवली तर किती वाचले? ७५ रुपये. म्हणजे ३०० चं पुस्तक २२५ ला यायला हवं. ‘फुकट’ हा आकडा या गणितात कुठल्याच ओळीला निघत नाही. कितीही वेळा बेरीज करा.

प्रत्यक्षात मराठी ई-पुस्तक बहुधा २२५ च्याही खाली विकलं जातं. १५० धरू. आता या १५० चं काय होतं ते बघण्यासारखं आहे. ई-पुस्तकाच्या सगळ्यात मोठ्या दुकानात, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर, स्वतःचं पुस्तक स्वतः चढवणाऱ्याला दोन वाटा असतात. एका वाटेने ३५ टक्के मिळतात आणि दुसरीने ७०. भारतात ७० हवे असतील तर ते ई-पुस्तक फक्त त्याच दुकानात ठेवायचं, दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, अशी अट. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरही हवं आणि किंडलवरही हवं, असं म्हणणाऱ्याच्या पदरी ३५ टक्के. म्हणजे १५० चे साडेबावन्न रुपये आले, साडेसत्त्याण्णव दुकानात राहिले. जुन्या रीतीप्रमाणे प्रकाशकाने हाती आलेल्या रकमेवर लेखकाला १० टक्के दिले तर लेखकाला मिळाले सव्वापाच रुपये. दापोलीच्या एसटी स्टँडवर सव्वापाच रुपयांत चहा सोडा, चहाचा वासही मनसोक्त घेता येत नाही.

७० टक्क्यांच्या वाटेत आणखी एक गंमत आहे. तिथे पुस्तकाच्या फाइलच्या आकाराप्रमाणे, म्हणजे दर एमबीमागे, पोचवणावळ कापून घेतात. ज्या वस्तूला वजन नाही म्हणून वाचक पैसे द्यायला तयार नाही, तिचं दुकानदार मात्र व्यवस्थित वजन करून हशील वसूल करतो. चित्रं जास्त घातली की पुस्तक जड.

वाचकाला एक जुना प्रश्न छळत असतो: इंग्रजी पुस्तकांत कधीकधी ई-पुस्तक कागदीपेक्षा महाग कसं? त्याला अमेरिकेतलं एक भांडण कारण आहे. तिथे २०१० च्या सुमारास अ‍ॅमेझॉन नवी गाजलेली ई-पुस्तकं ९.९९ डॉलरला विकत होतं, वेळप्रसंगी तोटा सोसून. मोठ्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. अ‍ॅपल त्यांच्या मदतीला धावलं: भाव तुम्ही ठरवा, दुकानदाराने फक्त दलाली घ्यायची. भाव चढले. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने अ‍ॅपल आणि पाच प्रकाशकांवर खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, अ‍ॅपल लढलं, २०१३ मध्ये हरलं आणि शेवटी ४५ कोटी डॉलरचा भुर्दंड भरून मोकळं झालं. पण भाव प्रकाशकाने ठरवायचा ही रीत पुढे टिकली. तिचा परिणाम असा, की कागदी पुस्तकावर दुकानदार हवी तेवढी सूट देतो आणि ई-पुस्तकाला हात लावू शकत नाही. छापील ४९९ चं पुस्तक सवलतीत २८० ला मिळतं आणि त्याचं ई-पुस्तक ३५० वर तोंड फुगवून बसलेलं असतं.

मराठीत ही कामगिरी खटल्याशिवाय पार पडते. आपल्याकडे छापील किंमत ही फक्त छापण्यापुरती असते. प्रकाशनपूर्व सवलत, प्रकाशन समारंभाच्या दिवसाची सवलत, संमेलनातली सवलत, दिवाळीची सवलत, प्रदर्शनातली सवलत. त्यापुढे ‘कुठलंही पुस्तक १०० रुपये’चा मंडप आणि शेवटी तराजू. ग्रंथालयांच्या खरेदीवर डोळा ठेवून किंमत आधी फुगवायची आणि मग सवलतीने खाली आणायची, हे आपल्या धंद्यातलं असं गुपित आहे की जे कोणीच लपवत नाही. तेव्हा ३०० चं पुस्तक २२० ला मिळतं आणि ई-पुस्तक २०० ला, ही तक्रार खरी आहे. पण तो फरक ई-पुस्तकाने खाल्लेला नाही. छापील आकडाच मुळात खोटा होता.

आता सरकारकडे वळू. सरकार या विषयात तत्त्वज्ञ आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकावर शून्य टक्के आणि ई-पुस्तकावर १८ टक्के लागला. जुलै २०१८ मध्ये जीएसटी परिषदेला दया आली आणि ई-पुस्तकाचा दर ५ वर आणला गेला, पण एका अटीवर: त्या पुस्तकाची छापील आवृत्ती अस्तित्वात हवी. नसेल तर १८. म्हणजे ई-पुस्तकाने आधी आपले पूर्वज कागदी असल्याचा दाखला आणायचा, मग सवलत मागायची. एखाद्या पोरीने हर्णैच्या धक्क्यावरच्या मासळी लिलावावर कादंबरी लिहिली, प्रकाशक मिळाला नाही म्हणून थेट ई-पुस्तक केलं, तर तिच्या वाचकाने १८ टक्के मोजायचे. तीच कादंबरी कोणी कागदावर छापून धूळ खात ठेवली, की ५. वाचन तेच, अक्षरं तीच.

छापील पुस्तकाच्या शून्यावरही फार भाळू नका. पुस्तक करमुक्त आहे, म्हणूनच प्रकाशकाला कागदावर आणि छपाईवर भरलेला कर परत मिळवता येत नाही. तो गुपचूप किमतीत मिसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले तेव्हा वह्यांच्या कागदाला माफी मिळाली आणि इतर कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. मराठीला अभिजात दर्जा मिळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सत्काराची शाल पांघरायची आणि बिल पाठवायचं, दोन्ही हात एकाच सरकारचे.

प्रकाशकांची बाजू मी इतका वेळ घेतली याचा त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी चटणी वाटून ठेवली आहे.

मराठी ई-पुस्तक बनवणं सोपं नसतं हे मान्य. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची बहुतेक पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवलेली. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, ‘क्ष’ गायब होतो आणि ‘ऱ्ह’ची चाळण होते. सगळं पुन्हा वाचून तपासावं लागतं आणि त्याला पैसे पडतात. पण हे काम न करताच पुस्तक विकायला ठेवायचं आणि वर पूर्ण दाम घ्यायचे, हा कुठला न्याय? पानांचे फोटो काढून त्यालाच ई-पुस्तक म्हणणारे महाभाग आहेत. मोबाइलवर वाचताना दर ओळीला पान बोटांनी ताणायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुन्हा डावीकडे आणायचं. कादंबरी वाचून होईपर्यंत मनगटाचा डॉक्टर गाठावा लागतो.

आणि लेखकाच्या वाट्याचं काय? १९७० मध्ये केलेल्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख असणं शक्य नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा स्पष्ट सांगतो, की करार केला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा धंद्यात वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिले गेले असं धरता येत नाही. ही ओळ किती लेखकांना माहीत आहे आणि किती प्रकाशकांना माहीत असूनही आठवत नाही, यावर एक छान परिसंवाद घेता येईल. मानधन मात्र द्यावं लागेल, म्हणून तो होणार नाही.

तर मग ई-पुस्तक स्वस्त असावं की नाही? असावं. चांगलं निम्म्या किमतीत असावं. पण कागद नाही म्हणून नाही. त्यात मिळणारा माल कमी असतो म्हणून.

छापील पुस्तकासाठी ३०० रुपये मोजले की ते पुस्तक तुमचं झालं. भाचीला देता येतं, ती परत करत नाही तेव्हा तिच्यावर चिडता येतं, लग्नात आहेर म्हणून खपवता येतं, गावच्या वाचनालयाला भेट देऊन पहिल्या पानावर वडिलांचं नाव टाकता येतं, अगदीच वाईट निघालं तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात विकता येतं. ई-पुस्तकाच्या बाबतीत यातलं काहीही चालत नाही. तुम्ही पुस्तक घेतलेलं नसतं, वाचायची परवानगी घेतलेली असते. परवानगी रद्द होते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून नेली, कारण ती चढवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण घरात शिरून कपाट उघडल्याचं काय? पाळत ठेवणाऱ्या सरकारवरचीच कादंबरी निवडली, याला विनोदबुद्धी म्हणावं की योगायोग, कोण जाणे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकांची विकत घेतलेली पुस्तकं दुकानासकट नाहीशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालायची सोय अ‍ॅमेझॉनने काढून घेतली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झाला, की असा डिजिटल माल विकताना ‘ही मालकी नव्हे, परवाना आहे’ हे गिऱ्हाइकाला धडधडीत सांगायचं. आपल्याकडे ‘विकत घ्या’ असंच बटण असतं आणि आपण ते भाबडेपणाने दाबतो.

भाड्याच्या घराला आणि मालकीच्या घराला एकच किंमत कोणी सांगितली तर दापोलीतला भाडेकरू भांडायला उठेल. ई-पुस्तकाच्या वाचकाने भांडायचं ते या मुद्द्यावर. तो भांडतो कागदाच्या रिमावरून.

दापोलीत या गणितात आणखी काही ओळी वाढतात, त्या पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊक नसतात. आमच्याकडे रेल्वे येत नाही, ती खेडला थांबून पुढे जाते. हवं ते पुस्तक हवं तेव्हा गावात मिळेल याची खात्री नाही. पुण्याहून मागवायचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत टपालाची स्वस्त सेवा बंद केली आणि छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. पुष्कळ ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. तेव्हा आता हलकंफुलकं साहित्य २० रुपयांत येतं आणि वजनदार लेखक महाग पडतो. तरीही ३०० च्या पुस्तकाची सवलत टपालात जिरतेच. त्यामुळे २०० चं ई-पुस्तक पुण्यातल्या वाचकाला महाग वाटेल, पण दापोलीच्या वाचकासाठी ते सरळसरळ स्वस्त आहे. हा फायदा आम्ही उठवतो का? नाही. आम्ही पीडीएफ मागतो.

मग पावसाळा. चार महिने कपाटातलं प्रत्येक पुस्तक हवेतलं पाणी पितं. मुखपृष्ठं वाकतात, पानांवर बुरशीचे ठिपके येतात, कसर लागते, आणि वाळवीला तर ग्रंथप्रेमाचं उपजत अंग आहे. ती मागच्या भिंतीकडून शिरते, मधला मजकूर फस्त करते आणि पुठ्ठे जसेच्या तसे उभे ठेवते, समीक्षकाच्या बरोबर उलट. वेखंड, डांबरगोळ्या, कपाटात लावलेला बल्ब, हा खर्च छापील किमतीत कोणी धरत नाही. तो धरला, तर कोकणातलं पुस्तक दर वर्षी थोडं थोडं पुन्हा विकत घ्यावं लागतं. ई-पुस्तकाला वाळवी लागत नाही. इथे त्याची बाजू भक्कम आहे, एवढं मान्य करू.

पण लगेच ३ जून २०२० आठवा. ‘निसर्ग’ वादळ आलं. माड, पोफळी, कौलं, विजेचे खांब, सगळं आडवं. किनाऱ्याच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ज्यांची पुस्तकं कागदावर होती ती छपराबरोबर भिजली आणि ज्यांची मोबाइलवर होती त्यांचा मोबाइल पहिल्याच रात्री मेला. निसर्गाने कुठल्याही बाजूला सवलत दिली नाही.

पीडीएफ मागणाऱ्यांचं पुढे काय होतं, हाही एक अभ्यासविषय आहे. फुकट पीडीएफ मिळाली की महिनाभर ती मोबाइलमध्ये पडून राहते. मग ‘डोळ्यांना त्रास होतो’ असा शोध लागतो. मग ती पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात नेली जाते. २४० पानं, पानाला २ रुपये, ४८० झाले. स्पायरलचे ४० वेगळे. ३०० चं पुस्तक फुकटात मिळवायला ५२० रुपये लागतात, आणि वर ते शेल्फात उभं राहत नाही. दापोलीतल्या ई-पुस्तकाची खरी किंमत ठरवतो तो झेरॉक्सवाला. संपूर्ण साखळीत रोख पैसे मिळणारा तेवढा एकच माणूस आहे आणि त्याने एकही ओळ लिहिलेली, छापलेली किंवा वाचलेली नसते.

तसं फुकट हवं तर कायदेशीर वाटाही आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. जूनमध्ये छापील पुस्तक उशिरा आलं की पालकही हाच झेरॉक्सचा मार्ग धरतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने शेकडो पुस्तकं मोफत देतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी जाडजूड पुस्तकं संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. मराठी विश्वकोश बसल्या जागी वाचता येतो. कायदेशीर फुकट वाचायचं म्हटलं तर एक जन्म पुरणार नाही. पण ‘पीडीएफ आहे का?’वाल्याला हे दाखवलं की त्याचा चेहरा पडतो. त्याला फुकट नको असतं, नवं आणि फुकट हवं असतं.

किंमत खरोखर शून्य झाली तर काय होतं, याचा प्रयोगही आमच्या तालुक्यात होऊन गेला आहे. पालगड दापोली तालुक्यातलं. साने गुरुजी तिथले, शिकायला दापोलीत. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती छापून आली. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०१० च्या अखेरीस तो संपला. तेव्हापासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी, कोणीही ई-पुस्तक करावं, कोणालाही काही द्यायला नको. आता खरं तर छापील आवृत्ती मरायला हवी होती. मेली नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात, वाढदिवसाला, पुस्तक प्रदर्शनात ती पैसे मोजून घेतली जाते. ई-प्रत फुकट असताना. म्हणजे वाचकाला कागदाचे पैसे द्यायला काहीच अडचण नाही, आनंदाने देतो. तो अडून बसतो तो फक्त लेखकाच्या वाट्यापाशी.

हक्काची घड्याळंही मजेशीर चालतात. पालगडच्या गुरुजींचं १९३५ चं पुस्तक २०११ मध्ये मोकळं झालं. मुरुडच्या महर्षी अण्णा कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ त्याच्या वीस वर्षं आधीचं, १९१५ चं, पण ते मोकळं व्हायला २०२३ उजाडलं, कारण घड्याळ पुस्तकापासून सुरू होत नाही, लेखक गेल्यापासून होतं आणि अण्णा शंभरी ओलांडून १९६२ पर्यंत ठणठणीत होते. प्रकाशकांनी लेखकांच्या तब्येतीची काळजी घ्यावी यासाठी याहून उत्तम कायदा सुचणार नाही. दापोलीत शाळा शिकलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे १९७२ मध्ये गेले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड २०३२ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. तिथे मात्र पीडीएफची मागणी मी ऐकलेली नाही. साडेसहा हजारांच्या वर पानं आहेत. झेरॉक्स परवडत नसावी.

राहिला लेखकाचा वाटा. साधी गोष्ट आहे, एकदा करून बघावी. छापील प्रतीमागे लेखकाला ३० रुपये मिळत असतील तर ई-प्रतीमागेही ३० च मिळावेत. टक्के गेले चुलीत. मग प्रकाशकाने १५० लावावेत की १२०, दुकानदाराने सूट द्यावी की नाही, सरकारने ५ घ्यावेत की १८, यावर ज्याने त्याने आपापसात खुशाल हाणामारी करावी. आणि ते ३० रुपये ई-पुस्तकाच्या पानावर वेगळे छापावेत, हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क असतं तसे. वाचकाला कळू दे आपण नक्की किती रुपये वाचवण्यासाठी गटावर केविलवाणा चेहरा करून बसलो होतो.

गेल्याच आठवड्यात ‘गारंबीचा बापू’ची पीडीएफ एका गृहस्थांनी मागितली. त्यांना कळवायचं ते असं: मुर्डीचे श्री. ना. पेंडसे २००७ मध्ये गेले. ‘बापू’ कायदेशीर फुकट मिळेल तो १ जानेवारी २०६८ रोजी, रविवारी. पोस्टाला सुट्टी असेल, पण पीडीएफला काय.